पीळ

विलिमँटिकची सुताची गिरणी बंद पडली
तेव्हा लॉरेन थिबोडोची आई घरी बसली
आणि लॉरेन नदीपलीकडे, केबलच्या कारखान्यात लागली.
"सूतच की," ती म्हणते, "फक्त हे तांब्याचं."

मी इथे डिझाइन करते. म्हणजे ठरवते
चार जोड्यांतल्या कुणाला किती पीळ द्यायचा.
निळीला तेरा मिलिमीटरवर एक वेढा,
नारिंगीला पंधरावर,
हिरवी आणि तपकिरी त्यांच्या अधेमधे कुठेतरी.
सारखा पीळ दिला तर जोड्या एकमेकींचं ऐकतात
भिंतीला कान लावणाऱ्या शेजारणींसारख्या,
एकीचं गुपित दुसरीच्या तोंडून बाहेर पडतं.
म्हणून कुणाचा कुणाशी मेळ बसू द्यायचा नाही.
हे शिकायला मला चार वर्षं
आणि एक कर्ज लागलं.

त्यावर ॲल्युमिनियमचा वर्ख,
बर्फीवरच्यासारखा, श्वासानेही सुरकुतणारा.
आणि वर्खावर जाळी.

जाळीच्या मशीनला चोवीस बॉबिन.
बारा उजवीकडून निघतात, बारा डावीकडून,
एकीच्या आतून, दुसरीच्या बाहेरून,
गोफ विणत फिरतात
आणि कुणाचा पाय कुणाच्या पायात येत नाही.
पहिल्या दिवशी मी तिथे थांबले ती आवाजासाठी.
इचलकरंजीला आमच्या गल्लीत असाच आवाज होता.
अण्णा जॉबर. जेवताना त्यांचा घास हातातच राहायचा:
"तिसऱ्यावर धागा गेला."
आणि उठायचे.

लॉरेनला उजव्या कानाने ऐकू येत नाही.
सत्तावीस वर्षांत मशीनने तो कान खाल्ला.
ती सांगाड्यावर तळवा ठेवते, डोळे मिटते,
"एकोणीस," म्हणते.
एकोणिसाव्या बॉबिनवर एक तार कमी असते.

मार्चमध्ये ओहायोतल्या एका इस्पितळाची तक्रार आली:
तुमची केबल गुणगुणते.
मॅनेजरने माझ्याकडे पाहिलं. मी बॅग भरली.
तळघरात, पाइपांच्या मागे, टॉर्च दातात धरून
शोधलं तर कुणा भल्या माणसाने
जाळीला दोन्ही टोकांना अर्थिंग दिलं होतं.
द्यायचं असतं एकाच टोकाला.
दोन्हीकडे जमीन मिळाली की मधल्या मध्ये
प्रवाह फिरत राहतो, आणि तोच मग ऐकू येतो.
मी एक स्क्रू सैल केला.
परतताना विमानात याचा काही अर्थ लावला नाही.
झोपले.

रात्रपाळीला तार हजारो व्होल्टच्या मण्यांमधून पळते.
वेष्टनाला सुईच्या टोकाएवढं भोक असलं तरी
ठिणगी पडते, घंटा वाजते,
लॉरेन लाल पट्टी चिकटवते.
पट्टीचे तुकडे नंतर भंगारात.
त्यातला दोन मीटरचा एक मी या खेपेला
सामानात घालून अण्णांना नेला.
फोनवर दर रविवारी विचारायचे ना,
"तिथे नक्की बनवता काय?"

त्यांनी तो डोळ्यांजवळ धरला. नखाने सोलला.
जाळी मागे सारली, वर्ख फुंकरीने उडवला,
म्हणाले, "वर एवढी वस्त्रं, आत एवढीशी बाई."
मग काडी ओढली आणि टोक पेटवलं,
जन्मभर सूत ओळखलं तसं.
काळा धूर, घाण वास. "प्लॅस्टिक," ते म्हणाले.
वेष्टन गळून गेलं.
खाली तांब्याच्या दोन तारा,
काळ्याठिक्कर, एकमेकींना तशाच वेढून.
त्यांनी बोट फिरवून वेढे मोजले.
"पीळ चांगलाय."
आणि थोड्या वेळाने, "मीटरला काय भाव?"

आता तो तुकडा त्यांच्या स्कूटरला आहे.
डिकीचं कुलूप मोडलंय, म्हणून बांधलाय.
चार जोड्या, वर्ख, पंच्याऐंशी टक्के जाळी,
आणि वर अण्णांची जॉबरची गाठ,
जी मला यायच्या आदल्या दिवशी
छत्री काढायची होती तेव्हा
काही केल्या सुटली नाही.