ओली कड

पंखा बंद कर, मन्मथ.
माहीत आहे मला, मे महिना आहे, लातूर आहे,
वर पत्रा आहे.
पण वाऱ्यानं कड आधी वाळते,
आणि वाळल्या कडेवर दुसरा हात गेला
की सांधा दिसतो.
मग कितीही घास, सांधा दिसतो.

तिन्ही डबे एका बादलीत ओत.
नंबर एकच असला तरी
डब्या-डब्यात जरा फरक असतोच,
सख्ख्या भावांत असतो तेवढा.
पाणी ह्या मगानं. दर वेळी ह्याच मगानं.
टँकरचं घे, बोअरवर माझा भरवसा नाही.

असं दाबायलास कशाला?
रोलर कोरडा पडला की आपल्याला राग येतो
आणि राग मनगटात उतरतो,
भिंतीवर दोन रुळ उमटतात.
रंग संपला तर ताटाकडं जा,
भिंतीकडून काढून घेऊ नको.
आधी तिरका हात, वर, खाली, वर,
मग मधल्या मोकळ्या जागा,
आणि शेवटी छतापासून फरशीपर्यंत
एक हलका हात, सगळे एकाच दिशेनं.
ज्वारीच्या पानावरून उलटा हात फिरवलाय का कधी?
तसंच आहे हे. उलटं कापतं.

ही अकरा नंबरची खोली.
पोरं परीक्षा देऊन गेली,
मागं चिकटपट्टीचे चौकोन राहिले,
वेळापत्रकाच्या चार कोपऱ्यांचा डिंक,
खिळ्याला अडकलेली एक राखी.
आणि खाटेच्या बाजूला, उशीच्या उंचीवर,
निळ्या बॉलपेननं काढलेली म्हैस.

पुस्तकात बेडूक असतो तशी.
बाण मारून नावं लिहिलेली:
शिंग (डावं मोडकं), वशिंड नाही, कास,
पोटावर एक ठिपका, त्याला बाण,
'इथं खाजवलं की मान खाली घालते.'

मन्मथ हसला. मीही हसलो.
पहिला हात मारला, म्हैस गेली.
तासाभरानं चहा घेऊन आलो
तर शिंग वर आलेलं.
दुसरा हात मारला. जेवून आलो,
सगळी म्हैस, फिकट, धुक्यात उभी असल्यासारखी,
बाणासकट.

बिराजदार काकू दारात आल्या.
'हनीफभाई, परवापासून पोरं यायलेत नवीन.
भिंत कशी पाहिजे, कागदासारखी.'
कागदासारखी म्हणूनच तर, काकू.
मी हे बोललो नाही.

शाईला पाण्याचा रंग धरून ठेवत नाही.
ऑइल प्रायमर आणला, छोट्या ब्रशनं
आधी शिंगं झाकली, मग पाठ,
ठिपक्याशी जरा थांबलो,
कशाला थांबलो कुणास ठाऊक.
मोडक्या शिंगापाशी मन्मथ म्हणाला,
'आमच्याकडं पण एक होती.'
मी म्हणालो, 'प्रायमरच्या कडा पातळ ओढ,
नाहीतर म्हशीचा आकार उठून दिसेल.'

दुसऱ्या दिवशी पुन्हा सगळी भिंत.
तेवढ्याच जागी ठिगळ लावून चालत नाही,
कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत जावं लागतं,
मधे बिडी नाही, फोन नाही,
ओली कड सोडायची नाही.
घाम डोळ्यात उतरला तरी
मन्मथनं पंख्याकडं पाहिलं नाही.
शिकतंय पोरगं.

संध्याकाळी बल्ब हातात धरून
भिंतीला चिकटवून आडवा उजेड टाकला.
समोरून सगळ्याच भिंती सरळ दिसतात.
आडव्या उजेडात खरं कळतं.
रुळ नाही, सांधा नाही, लोंबलेला थेंब नाही.
म्हैसही नाही.
ती जागा मला माहीत होती, म्हणून
तिथं उगीच दोनदा बल्ब फिरवला.

मग उरलेला रंग लोणच्याच्या बरणीत भरला,
झाकणावर तारीख टाकली,
खोली नंबर टाकला,
आणि काकूंच्या माळ्यावर ठेवून आलो.
लागतोच कधी ना कधी.