आर-चढ

आटपाडीत, तहसील कचेरीच्या भिंतीला लागून माझं टेबल.
मराठीचं इंग्रजी, पानाला दीडशे रुपये,
शिक्का पाहिजे असेल तर वेगळे.

मायाप्पा लेंगरे आले तेव्हा दुपारचा दीड.
लाईट नुकतीच आलेली.
सातबारा प्लॅस्टिकच्या पिशवीत,
ती पिशवी दुसऱ्या पिशवीत.
लेक शिकायला जर्मनीला निघालीय,
तिथल्या वकिलातीला बघायचंय
बापाच्या नावावर काही आहे का.

नाव सोपं. गट नंबर सोपा.
शून्य हेक्टर साठ आर, आकड्याला भाषा नसते.
पोटखराबाशी अडखळले.
जमिनीचं पोट इंग्रजीत कसं न्यायचं?
‘लागवडीस अयोग्य’ एवढंच गेलं पलीकडे, पोट इथंच राहिलं.

मग आलं : फळबाग, डाळिंब.

फ्रूट गार्डन लिहिलं. खोडलं.
गार्डनमध्ये बाकडं असतं
आणि पाटी असते, फुले तोडू नयेत.
प्लँटेशन लिहिलं,
तर कुणी टोपीवाला त्यातून घोड्यावर फिरायला लागला.
राहिलं ऑर्चर्ड.
हा शब्द माझ्या ओळखीचा, विट्याच्या रस्त्यावरचा :
‘ग्रीन ऑर्चर्ड, एन. ए. प्लॉट, सुलभ हप्ते’
झाड औषधाला नाही, चुन्याच्या रेघा
आणि वाऱ्यानं फाटलेली कमान.
तरी शब्दकोश त्याच्याचकडे बोट दाखवतो.
टाईप केलं.

“शबानाबाय, वाचा की.”
वाचलं.
“आर-चढ?”
ते जरा थांबले.
“बराबर हाय. साठ आर हाय, आन् चढाचीच हाय.
सायबाला तिकडं बसून कसं कळलं?”

हसावं की नाही, ठरेना.
मी कागदाची कड सरळ करत बसले.

“पर बाग धरलीया का सोडलीया, ते हाय का ह्यात?”
नाही, म्हटलं.
“आंबे बहार धरलाय. दिवाळीनंतर पाणी तोडलं,
ताणावर ठिवली, पानं गाळली पार,
दया येत हुती बघून.
संक्रांतीला पयलं पाणी दिलं, तवा फुटली.
चारशे अठरा झाडं. त्यातली अकरा मरानं गेली.”
मग चारशे सात, म्हटलं.
“चारशे अठराच. खड्डं मीच काढल्यात.”

आमच्यात बाग धरता येते,
गर्दीत पोराचं मनगट धरावं तशी.
सोडताही येते, एखादं वर्ष, तिला दम खाऊ द्यायला.
ऑर्चर्ड नुसतं असतं.
तळटीप द्यावी वाटली,
पण रकान्यात जागा बोटभर.

“आन् साड्या?”
साड्या सातबाऱ्यावर नसतात, मायाप्पा.
पण असतात हे मलाही माहीत.
उन्हानं फळ भाजू नये म्हणून
बोहारणीकडून गठ्ठ्यानं आणलेल्या, किलोच्या भावानं.
दिघंचीच्या रस्त्याला एसटीतून दिसतात उन्हाळाभर,
झाडं नेसून उभी,
गुलाबी, चटणी रंगाची, कुणाची तरी जरीची.

तिकडे कुणी हा कागद उघडेल,
ऑर्चर्ड वाचेल,
त्याच्या डोळ्यांपुढे सफरचंदं येतील,
ओलं गवत, टेकवलेली शिडी.
येऊ देत. पोरीचं काम झालं म्हणजे झालं.

मी एक मोरपंखी साडी दिली होती बोहारणीला,
काठ विरलेली. तिच्यावर एक पातेलं आलं.
झाकण अजून नीट बसत नाही त्याचं.
विचारणार होते,
मोरपंखी कुठली आहे का तुमच्या चढावर.
विचारलं नाही.

त्यांनी दीडशे मोजून ठेवले,
वर पिशवीतून दोन डाळिंबं.
एकावर डाग.
“डागाचं आदी खावा,” म्हणाले,
“चांगलं काय, थांबतंय.”