साखरेची तहान

तुकुमानात ऊस जुलैत तुटतो,
थंडीत, पात्यांवर दव गोठलेलं असताना.
निकानोरच्या ओल्या मुठीतून कोयता निसटला
आणि पोटरीत उतरला.
नवव्या दिवशी जखमेला वास सुटला.
दवाखान्यातलं मलम संपलेलं.
औषधांची गाडी बुधवारी येणार होती,
कुठल्या बुधवारी, ते कुणी सांगितलं नव्हतं.

एदुविहेस नर्सने कपाट उघडलं
आणि येर्बाच्या डब्यामागचा
साखरेचा डबा काढला.

जखमेवर मीठ चोळणारे त्याला पुष्कळ भेटले होते:
मुकादम, काट्यावरचा कारकून, धाकटा मेव्हणा.
साखरवाली ही पहिलीच.
चोळत नव्हती, भरत होती,
रस्त्याच्या खड्ड्यात मुरूम भरतात तशी,
काठोकाठ.

मुंग्या येतील, तो म्हणाला.
मुंग्यांचं मी बघते.
आणि ते जंतू? त्यांना तर गोडच लागेल.
लागतं ना. थोडी असती तर जेवले असते पोटभर.
पण एवढी साखर
स्वतःच तहानलेली असते, निकानोर.
दाण्यादाण्याला पाणी हवं.
मिळेल तिथून ओढते,
मांसातून, हवेतून, त्यांच्या इवल्या पोटांतून.
समोर डोंगराएवढं अन्न
आणि गिळायला घोट नाही.
विष नसतं यात.
फक्त पाणी दुसऱ्याच्या ताब्यात असतं.
मीठही हेच करतं,
पण माणसाला ओरडायला लावून.

निकानोर हसला.
हे त्याला कुणी समजवायची गरज नव्हती.
क्षितिजापर्यंत ऊस,
आणि घरातली साखर महिन्याच्या वीस तारखेला संपते.

संध्याकाळी पट्टी सोडली तर साखर नव्हतीच.
पाक होता, पातळ, गुलाबीसर.
तिने घाईने धुतला.
पातळ झाली की हीच उलटते, म्हणाली,
त्यांनाच पंगतीला बसवते.
म्हणून दिवसातून दोनदा.

त्याला आईची काकवीची बाटली आठवली.
तीन वर्षं फळीवर तशीच,
काळी, जाड, कशालाही न घाबरणारी.
मग कुणीतरी ओला चमचा घातला.
आठवड्यात फसफसून बुच छताला.
चमचा कुणाचा होता
हे अजून घरात कुणी कबूल केलेलं नाही.

अकराव्या दिवशी वास गेला.
जखमेच्या तळाशी लालसर, दाणेदार, नवं काही
उगवत होतं.

नोंदवहीत, औषधांच्या रकान्यात,
एदुविहेसने लिहिलं: साखर, साडेतीन किलो.
वरून शेरा आला:
चहापाण्यावर खर्च कमी करावा.

गाडी आली, बुधवारीच.
तोवर निकानोर फडात परतला होता,
जरासा लंगडत,
कोयत्याच्या मुठीला
कोरडं फडकं गुंडाळून.