पाय उचलतो तिथं

नाव पुष्पेंद्रच्या आईनं दिलं, तिच्या नकळत.
दाराशी आमच्या चपलांचा ढीग, त्यातली एक उलटी.
वाकून ती सरळ करत म्हणाली,
अब होगा झगड़ा इस घर में.
महिन्याभरात आम्ही ‘उलटी चप्पल’ होतो,
तीन जणांचा बँड, अँप उसना.

दौलतगंजात शितोळ्यांची पिठाची गिरणी,
ती बंद झाली की तालीम.
माझ्या बेसच्या तारांवर बाजरी.
निरंजनच्या मामेभावानं लंडनहून आणलेली कॅसेट,
लेबल फाटलेलं, कुणाची ते अजून माहीत नाही.
हजारदा ऐकून निरंजन म्हणाला,
गिटार पाय पडतो तिथं नाही वाजवायची,
पाय उचलतो तिथं.
मला हे कळायला वर्ष लागलं.
गिरणीच्या पट्ट्याला आधीपासून ठाऊक होतं:
त्याचा सांधा ठोका चुकवून
फटक् म्हणायचा.

मग शब्बीर.
आझाद ब्रास बँडचा, लाल कोट, खांद्यावर झालर,
ट्रंपेटला एका जागी डाग दिलेला.
पहिल्याच कडव्यात त्यानं तिघांना गप्प केलं.
लग्नसराईत तो आमचा नसायचा,
म्हणून आमची सगळी कारकीर्द
चातुर्मासातली, फार तर खरमासातली.

मेळ्यात वाजवलं, मौत का कुआँ आणि शालींच्या दुकानामधे.
‘पाणी एक दिवसाआड’ म्हणताना
समोर चार पोरं उड्या मारत होती,
एका म्हाताऱ्यानं विचारलं, दूल्हा किधर है?
त्या रात्री थंडीनं ट्रंपेट अर्धा सूर खाली उतरला
आणि आम्ही तिघं त्याच्यामागं उतरलो.
तेवढं चांगलं पुन्हा कधी वाजवलं नाही.

दिल्लीहून एक माणूस आला. सीडी काढतो म्हणाला.
सब बढ़िया है, बस ये बाजा शादी का लगता है.

इथं लिहायला हवं की आम्ही भांडलो,
नावाला जागलो.
आम्ही हो म्हणालो.

शब्बीरला सांगायला मला पाठवलं,
मी कमी बोलतो म्हणून.
त्यानं चहा मागवला, मलाई मारके.
माझं वाक्य अर्धं असतानाच म्हणाला,
अरे भैया, वैसे भी सीज़न है, टाइम कहाँ.
ऑगस्ट चालू होता.

पाचशे सीड्या निघाल्या.
चारशे बारा पुष्पेंद्रच्या माळ्यावर आहेत.
लावली तर प्रत्येक गाण्यात एक जागा येते,
कुणी यावं म्हणून दार उघडून धरल्यासारखी,
आणि गाणं पुढं जातं.

निरंजन पुण्याला गेला, फोनवर अजून गिटारविषयी बोलतो.
ड्रम विकून पुष्पेंद्रनं जुनी बुलेट घेतली.
मी एजी ऑफिसात,
दुसऱ्यांच्या वह्यांत न जुळणारा आकडा शोधतो.

माझ्या वरातीला काकांनी ठरवलेला बँड आला.
कोणता, ते मी विचारलं नव्हतं.
जनकगंजच्या वळणावर, नागिणीची धून ऐन रंगात,
चुलत भाऊ रुमाल दातांत धरून रस्त्यावर लोळतायत,
आणि मधेच चार मात्रा
पाय उचलतो तिथं.
घोडी बुजली. मामांनी शिवी घातली.
मी मुंडावळ्या बाजूला सारून पाहिलं.
पुन्हा नागीण सुरू झाली होती.
शब्बीर समोर बघून वाजवत होता,
आणि गाल फुगवलेल्या माणसाच्या
चेहऱ्यावरून काही कळत नाही.