पिवळं विरेपर्यंत

आज एकशे बारा बाटल्या आल्यात
डोंगरातल्या तीन शाळांमधून.
करंगळीएवढ्या, निळ्या बुचांच्या.
नाव नाही, वर्ग नाही, नुसता आकडा,
आणि एकीवर कुणी तरी चिकटवलेला
जांभळा डायनोसॉर,
नियमाविरुद्ध.

डर्बीच्या या प्रयोगशाळेत रात्रपाळीला
मी पोरांचं मूत तपासते.
फोनवर असंच सांगितलं तर आई म्हणाली,
एवढं शिकलीस ती याच्यासाठी का गं?

पद्धत जुनी आहे.
आधी चांगलं तापवून घ्यायचं, मग थेंब थेंब सोडायचं
सोनकीच्या फुलासारखं एक पिवळं पाणी.
आयोडीन असेल तर पिवळं विरत जातं,
जितकं जास्त, तितकं भरभर.
नसेल
तर काचेत उभं राहतं तसंच,
फळ्यापाशी बोलावलेल्या
उत्तर न येणाऱ्या पोरासारखं.

इथल्या चुनखडीत शिंपले सापडतात.
म्हणजे समुद्र होता कधी तरी,
आणि निघताना मीठमिरचीसकट सगळं आवरून गेला.
वर्क्सवर्थला एका दुकानाच्या काचेत जुना फोटो आहे:
सुत गिरणीतली बाई, गळ्याला मखमली फीत,
फितीखाली पेरूएवढी गाठ.
तेव्हा तिला जिल्ह्याचंच नाव होतं, डर्बीशायरचा गळा.
बाई हसतेय. बहुधा शेजारणीलाही होता.

मग दूध आलं.
गाईंच्या खुराकातून, सडं पुसायच्या औषधातून
पेल्यात थोडं थोडं उतरत राहिलं आयोडीन.
कुणी ठरवलं नव्हतं.
न ठरवता घडलेलं पुण्य, मॉरीन फर्नीहॉ म्हणते,
माझ्या शेजारच्या टेबलावरून, सँडविच सोलत.

आमच्या घरी ओटचं दूध आहे.
मीच आणलं. निषादच्या पोटासाठी,
आणि थोडं वासरांसाठी, खरं सांगायचं तर.
मीठही गुलाबी, महागाचं, बरणीत शोभणारं.
नावडतीचं मीठ अळणी म्हणतात.
हे तर आवडतीचं होतं.

निषाद नोव्हेंबरपासून सातच्या पाढ्यात अडकलाय.
सात सक बेचाळीसपर्यंत येतो
आणि तिथं त्याचे डोळे खिडकीबाहेर जातात.
मिसेस ऑलरेनशॉ म्हणतात, येईल, घाई करू नका.
मी म्हणते, आपल्यात दोन आधी येतो मग चाळीस,
त्यांच्यात चाळीस आधी. तिथं घसरत असेल.
किंवा खिडकीबाहेर ट्रॅक्टर असेल.
किंवा तो सात वर्षांचा असेल, एवढंच.
किंवा.

एका सकाळचं मूत एका सकाळचंच बोलतं.
शाळेचा मध्य काढता येतो, मुलाचा नाही,
हे मीच समजावलं होतं पालकसभेत,
उभं राहून, पडद्यावर आलेख दाखवत.
संमतीच्या कागदावर माझीच सही.

आमच्या फ्रिजच्या दारावर
त्याच पानातले सात डायनोसॉर उरलेत.

मॉरीन, ही रांग तू घेतेस का?
तिनं कारण विचारलं नाही.
मी आकडा न बघता नखानं स्टिकर सोलला,
कोटाच्या खिशात आतून चिकटवला.
बाटली तिच्याकडच्या बाटल्यांत गेली
आणि पोरगं पोरांत मिसळलं.

आता तिच्या टेबलावर चाळीस काचा पिवळ्या आहेत.
एकेक फिकट होतायत, पहाटे दिवे जातात तशा.
मी माझं काम करतेय.
मी तिकडे बघत नाहीये.
तिसऱ्या ओळीत कडेला एक आहे,
सगळ्या विरल्या तरी ती रेंगाळलीय.
कुणाची असेल. कुणाचीही असेल.
हॅडकचा तुकडा न आवडणाऱ्या
कुठल्याही लेकराची.

ओठ हलतायत माझे, मास्कच्या आत.
सात सक बेचाळीस.
सात सत्ते,
सात सत्ते,

सांग की रे.