डाव्या अंगठ्याखालचं बटण

जळगावला, जिन्याला लागून माझं दुकान,
झेरॉक्सवाल्याच्या मागे.
जुने गेम, तुटके रिमोट, सोल्डरचा वास.
सुपडू झोपे आले ते लोखंडी लाइनबॉक्स घेऊन,
झाकणावर पांढऱ्या रंगात नाव, खाली भुसावळ.
आत डबा नव्हता, बनियन नव्हतं.
टॉवेलात गुंडाळलेला करड्या रंगाचा जुना गेम,
खंडव्याच्या रनिंग रूममध्ये
एका असिस्टंटनं बदलीवर जाताना दिलेला.
“याले चाक पाह्यजे,” म्हणाले.

मी तीन चाकं काउंटरवर मांडली.

पहिलं मोठं, नवंकोरं, अडीच फेरे फिरणारं,
कडेनं चामड्यासारखी शिवण.
पण जुन्या मशीनला त्याची भाषाच कळत नाही,
वायर जोडली तरी पडद्यावर गाडी ढिम्म.

दुसरं हलकं, मांडीवर धरायचं,
स्वस्त, कारण आतून नुसती बटणं:
जरा फिरवा की पूर्ण डावं, जरा फिरवा की पूर्ण उजवं,
मधलं काही त्याला ठाऊकच नाही,
बांधावरून भांडणाऱ्या भाऊबंदांसारखं.

तिसऱ्याचं रबर चिकट, पावडर लावून ठेवलेलं,
आतला पॉट मी दोनदा साफ केलेला.
सोडलं तर नीट मधे येत नाही,
बोटभर डावीकडे थांबतं.
पण थोडं वळवलं तर थोडं वळतं,
एवढं त्याच्याबद्दल खात्रीनं सांगतो.

“बसा काका, चालवून बघा.”
चप्पल काढून बसले. पेडलवर अनवाणी पाय.
पडद्यावर लाल दिवे, मग हिरवा.
त्यांनी हात वर केला, मोठ्यानं म्हणाले, “हिरवा!”
आणि माझ्याकडे बघत थांबले.
मला काय माहीत,
शेजारच्यानं तेच परत म्हणायचं असतं.

गाडी निघाली. सरळ निघाली. सरळच गेली.
“वळवा काका!”
“हां, दिसलं मले.”
हात चाकावर तसेच, पाठ ताठ.
धाड. भिंत.

“चौतीस वरीस इंजिन चालोलं भो,
अठ्ठावन डब्याची मालगाडी.
वयोलं कधीच नाई. वयायचं ते रूयानं.”
त्यांच्या तोंडी ळ चा य होतो.
माझ्या आईच्याही होतो,
आमच्याकडं हे अक्षर वळणावर असंच घसरतं.

चौथ्या फेरीला वळले.
ब्रेक मात्र इतक्या लांबून लावत
की मागची सगळी पोरं पुढे निघून जात,
आणि यांना त्याचं काहीच नाही.

मग माझं लक्ष डाव्या अंगठ्याकडे गेलं.
मिनिटा-मिनिटाला तो एक बटण दाबत होता,
वळणावर, सरळ रस्त्यावर, भिंतीत अडकल्यावरसुद्धा.

“हे काय करते?” त्यांनीच विचारलं.
“काही नाही. या गेमला ते बटण माहीतच नाही.”
“अन नाई दाबलं त?”
“तरी काही नाही.”

अंगठा तिथंच राहिला.

“इंजिनात असते असं. दाबत राहा लागते.
नाई दाबलं त गाडी समजते मानूस झोपला,
सोताच ब्रेक लावते.
आडनाव झोपे, पन एकदाबी लागू देला नाई.”

पहिल्या चाकाच्या प्रत्येक बटणाला काम होतं.
दुसऱ्याला डावीकडे बटणच नव्हतं.
“हेच दे.”

बाराशेचे नऊशे झाले.
लाइनबॉक्सात चाक मावेना, म्हणून हातात धरून उतरले.
जिन्याच्या वळणावर ते जरासं फिरलं,
की त्यांनी फिरवलं,
वरून नीट दिसलं नाही.

रविवारी फोन आला, पेडल फरशीवर सरकतं.
म्हटलं, खाली ओलं पोतं टाका.
मागून बाईमाणसाचा आवाज येत होता,
भाजी परतता परतता बहुतेक, जरा वैतागून:
“हिरवा हो, हिरवा.”