ळ

सहावी ब. घणसोलीची पालिकेची शाळा.
खिमराज रावल नेपाळहून आला तेव्हा
जुलै संपत आला होता, वह्या वाटून झाल्या होत्या.
बाप अर्धवट टॉवरवर वॉचमन.
राहायचे तळमजल्यावर,
जिथे पुढे गाड्या लागणार होत्या.

मधल्या सुट्टीत आम्ही त्याला भिंतीशी उभा करायचो.
म्हण, बाळ.
बाल.
म्हण, नळ.
नल.
म्हण, काळ्या फळ्यावर काळा कावळा.
म्हणायचा. पूर्ण म्हणायचा, शेवटपर्यंत.
मग त्याचं नावच नल पडलं.

सगळ्यांत जोरात मी हसायचे.
आमच्या घरात ळ नव्हताच.
आई रावेरची. तिच्या तोंडी डोळ्याचा डोया,
शाळेची शाया, आणि बाबांची कंपनी
रबाळ्याला नाही, रबायाला.
मी दारात जीभ बदलायचे, चपला बदलाव्यात तशी.
पालकसभेच्या चिठ्ठ्या घरी पोचायच्याच नाहीत.

माझ्या वाढदिवसाला ती न सांगता आली.
मामाच्या मळ्यातला घड, पोत्यात गुंडाळून, रिक्षातून.
वर्गाच्या दारात घाम पुसत म्हणाली,
“घ्या रे पोरहो, केये खा.”

मागच्या बाकावर सुरू झालं ते
पुढच्या बाकापर्यंत येताना अख्खा वर्ग झालं.
ते हसू माझ्या ओळखीचं होतं.
कुठे थांबायचं, कुठे पुन्हा उसळायचं,
मीच बसवलं होतं.
आईही हसली. तिला वाटलं, पोरं खूश झाली.

खिमराज उठला. दोन्ही हात पुढे केले.
“केये,” म्हणाला. हुबेहूब तिच्यासारखं.
मग आमच्याकडे वळून, जणू इतके दिवस
आम्हीच चुकत होतो,
पुन्हा एकदा, सावकाश :
“केये.”

मी माफी मागितली नाही.
दुसऱ्या दिवशी डबा घेऊन त्याच्या बाकावर बसले, एवढंच.
भाजी संपल्यावर त्याने विचारलं, तो कसा काढतात?
सोपंय, म्हटलं, जीभ मागे वळव, टाळूला लाव.
“वलव,” तो म्हणाला. “टालू.”
आणि आधी तोच हसला.

दिवाळीनंतर टॉवर पूर्ण झाला.
तळमजल्यावर गाड्या आल्या.

आई अजून विचारते,
“तो केयेवाला पोरगा कुठी गेला वं?”
कामोठ्याला, मी सांगते.
मागच्या खेपेला उलवे म्हटलं होतं.